अर्धी किल्ली हाती

वर्षाचा गहू एकदम भरून ठेवण्याची रीत आमच्या घरात अजून चालू आहे. 1956 च्या नोव्हेंबरात नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील पुष्कळ मराठी कुटुंबांनी ट्रंका-पेटारे बांधून इकडचा रस्ता धरला. त्यांत आमचे आजोबाही होते. आजीने नागपूरहून सोबत आणलेली ज्वारी दोन-तीन महिन्यांत संपली, आणि मग सिहोरकडच्या शरबती गव्हाने आमच्या ताटात जी जागा घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. हा गहू घ्यावयाचा तो एप्रिलात, करोंदच्या मंडीच्या बाजूला आणि दाणा दाताखाली फोडून पाहिल्यावरच, असा आजोबांचा दंडक होता. आजोबा गेले, दंडक राहिला.

यंदा योग असा आला की, आत्यालाही त्याच दिवशी करोंदला न्यावयाचे होते. वायुपीडितांसाठी 2000 साली सुरू झालेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय त्याच भागात आहे. आत्याच्या फुप्फुसांची तपासणी तेथे ठराविक मुदतीने होत असते. परतताना गहू घेऊन टाकावा, असा बेत सौ.ने केला. तपासणी झाली, गहू पाहून झाला, भाव ठरला, पोते मागच्या बाजूस चढले. दुपारचा दीड वाजला होता. एप्रिलातील भोपाळची दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आत्या मागच्या आसनावर ओला रुमाल मानेवर ठेवून बसली होती. आम्ही किल्ली घातली. ती फिरेना. जरा जोर केला. तरी फिरेना. आणखी जोर केला तेव्हा ‘कट्’ असा अगदी लहानसा आवाज झाला आणि किल्लीचा मुठीकडचा भाग, खाली लोंबणाऱ्या सगळ्या झुबक्यासह, आमच्या हातात आला. पाते आत राहिले.

‘‘अरे बाबू, कायले एवढा जोर करून राहिला?’’ आत्या मागून म्हणाली. पण ते आम्हांला एक क्षणभर उशिरा ऐकू आले.

प्रथम आमचा अपराध कबूल करतो. ती किल्ली अकस्मात तुटली असे म्हणणे खोटे ठरेल. दोन महिन्यांपासून ती घालताना किंचित हलवावी लागत होती, आणि मुठीला लागून, जेथे पात्याची पहिली खाच सुरू होते तेथे, केसाएवढी रेघ दिसत होती. ती रेघ म्हणजे ओरखडा असावा अशी आम्ही स्वतःची समजूत करून घेतली. वास्तविक ती भेग होती. किल्लीचा सर्वांत नाजूक भाग तोच. मुठीचा सगळा पीळ तेथे येतो आणि धातू मात्र खाचेमुळे तेथे सर्वांत कमी उरलेला असतो. त्यातून आमचा झुबका कसा? घराच्या दोन किल्ल्या, कपाटाची एक, गच्चीच्या कुलपाची एक, बाटलीचे झाकण काढावयाचे हत्यार आणि नाशिकहून आणलेला पितळेचा गणपती. मोटार खड्ड्यातून गेली की हे सारे दैवत-दागिने त्या एवढ्याशा पात्यावर झोके घेत असत.

तात्कालिक कारण निराळेच होते, आणि ते तर निव्वळ आमचे अज्ञान. गाडी उभी करताना आम्ही पुढचे चाक रस्त्याकडेच्या दगडाला टेकवून वळवून ठेवले होते. किल्ली काढून घेतली म्हणजे स्टिअरिंगला आतून एक खिट्टी बसते. चाक दगडाशी अडल्यामुळे त्या खिट्टीवर ताण येतो आणि मग किल्ली फिरत नाही. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंगचे चक्र डावी-उजवीकडे अलगद हलवावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. खिट्टी सुटते, किल्ली फिरते. हे आम्हांला माहीत नव्हते अशातला भाग नाही. उन्हात, घाईत, मागे आजारी माणूस बसलेले असताना ते आठवले नाही.

भोपाळच्या लोकांविषयी एक गोष्ट कोणीही मान्य करील. येथे माणूस अडचणीत एकटा पडत नाही. पडू म्हटले तरी कोणी पडू देत नाही. पाच मिनिटांत आमच्या दारापाशी सहा सल्लागार जमले. चहाच्या टपरीवरच्या मुलाने केसांचा आकडा आणला. एकाने जुन्या ध्वनिवर्धकातला लोहचुंबक आणतो म्हणून धाव घेतली. दुसऱ्याने काडीच्या टोकाला तत्काळ चिकटणारा गोंद लावून ती तुटक्या पात्याला टेकवावी आणि ओढावी, अशी सूचना केली. एक ट्रकचालक सर्वांत व्यवहारी निघाला. त्याचे म्हणणे, तुकडा आत आहे तर असू द्या, त्याच्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवा, किल्लीसारखा फिरवा आणि घरी जा.

या सल्ल्यांपैकी कोणता किती घातक होता, हे आम्हांला पुढे अर्ध्या तासाने समजले. त्या वेळी मात्र आम्ही त्याहूनही घातक गोष्ट करावयास निघालो होतो. आत्याने आपल्या बटव्यातून गाडीची दुसरी किल्ली काढून पुढे केली आणि आम्ही ती घेऊन कुलुपात घालणार, तोच सौ.ने हात धरला. आत पाते असताना ही जाईल कशी, एवढाच तिचा साधा प्रश्न होता. तो बरोबर होता. दुसरी किल्ली खुपसली असती तर तुटका तुकडा तळाशी जाऊन बसला असता आणि मग ते कुलूप खोलूनच काढावे लागले असते.

आत्याच्या बटव्यात मोटारीची दुसरी किल्ली का असते, हे येथे सांगितले पाहिजे. 1984 च्या डिसेंबरात 2 आणि 3 तारखांच्या मधल्या रात्री आत्या भोपाळ स्टेशनजवळच्या रेल्वे वसाहतीत राहत होती. कारखान्यातून सुटलेला वायू घरात शिरला तेव्हा प्रथम सर्वांना वाटले की, शेजारी कोणीतरी मिरच्या जाळल्या. मग डोळे मिटले ते उघडेनात. काकांची स्कूटर अंगणात उभी होती; किल्ली मिळेना. भिंती, फळी, खुंटी, उशीखाली, सर्वत्र चाचपून झाले. अखेर सारी मंडळी पायीच निघाली. काका त्यानंतर नऊ वर्षे जगले, पण त्या नऊ वर्षांत त्यांना एक जिना न थांबता चढता आला नाही. किल्ली आठ दिवसांनी त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली. तेव्हापासून आत्याच्या घरी वाहनाची किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्याला असते आणि दुसरी तिच्या अंगावर. ती आमच्याकडे राहावयास आली, खिळा तिच्याबरोबर आला. घरातली मुले या शिस्तीला हसत. आम्हीही एखादे वेळी हसलो असू.

‘‘दुसरी आहे ना? मग घाबराचे कारण नाही,’’ आत्या म्हणाली. ‘‘त्या किल्लीवाल्याले आण. तो चौकात बसते.’’

तो चौकातच होता. बैरसिया रोडच्या कडेला एका मोठ्या छत्रीखाली लाकडी पेटी, पेटीच्या काठाला घट्ट बसवलेला लहानसा वाइस, कानशी, आणि तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. वयस्कर गृहस्थ, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. बोलता बोलता समजले की, तो शिकलीगर. तलवारी-कट्यारींना धार लावणे आणि झळाळी आणणे हा या लोकांचा पिढीजात उद्योग. शस्त्रांचे दिवस गेले तसे त्यांतील पुष्कळांनी कुलूप-किल्ल्यांचे काम हाती घेतले. त्याने हत्यारांची पिशवी घेतली, गाडीपाशी आला आणि किल्लीकडे न बघता प्रथम म्हणाला, ‘‘गाड़ी के काग़ज़ दिखाइए.’’

सौ.ला ते लागले. आत्याला मात्र मनापासून आवडले. कोणाच्याही गाडीचे कुलूप जो विचारल्याशिवाय उघडतो त्याच्या हाती आपली किल्ली कशी द्यावी, हा तिचा मुद्दा आणि तो रास्तच होता. कागद पाहून झाल्यावर त्याने तीन प्रश्न विचारले. किल्ली तुटली तेव्हा फिरली होती की नाही? आत कोणी काही घातले का? आत कोणी काही ओतले का? शेवटच्या दोहोंची उत्तरे ‘नाही’ अशी मिळाल्यावर त्याची मुद्रा निवळली. आकडावाल्या मुलाकडे त्याने ज्या दृष्टीने पाहिले त्यावरून असे वाटले की, त्याचा बराचसा वेळ तुटक्या किल्ल्यांपेक्षा अशा मदतनिसांनी केलेली नासधूस निस्तरण्यातच जात असावा.

पहिल्या प्रश्नात सारे मर्म होते. मोटारीच्या इग्निशनच्या कुलुपात एक फिरता दंडगोल असतो. त्याच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या, आणि प्रत्येक पट्टीला केसासारखी बारीक स्प्रिंग. प्रत्येक पट्टीच्या मध्ये चौकोनी खिडकी असते; किल्लीचे पाते या खिडक्यांतून आत सरकते आणि तिच्या खाचांच्या खोलीप्रमाणे पट्ट्या खालीवर होतात. खरी किल्ली असली म्हणजे साऱ्या पट्ट्या दंडगोलाच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात व तो फिरतो. एक जरी पट्टी बाहेर डोकावली तरी ती भोवतालच्या कवचातील खाचेत अडकते. आता गंमत अशी की, दंडगोल मूळ जागेवरून एकदा फिरला म्हणजे पट्ट्यांना हलावयास जागाच उरत नाही, आणि त्या किल्लीला धरून ठेवतात. चालत्या गाडीतून किल्ली सहसा गळून पडत नाही ती यामुळे. तात्पर्य, फिरलेल्या कुलुपातून तुटका तुकडा कितीही कौशल्याने ओढला तरी तो येत नाही. पट्ट्या वाकतात मात्र. आधी दंडगोल बंदच्या खुणेवर आणावयाचा, मग तुकड्याला हात लावावयाचा.

आमच्या जोरामुळे दंडगोल मूळ जागेपासून जेमतेम जवाएवढा सरकला होता. त्याने आम्हांला स्टिअरिंगचे चक्र हलवत राहावयास सांगितले आणि स्वतः एका पातळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चिरेच्या तोंडाशी, तुकड्याला धक्का लागणार नाही अशा बेताने, टेकवले. चक्राचा ताण सुटला त्या क्षणी चीर सरळ उभी झाली. ‘‘बस, अब आधा काम हो गया,’’ तो म्हणाला. आमच्या दृष्टीने कामास अजून सुरुवातही झाली नव्हती.

नंतर त्याने सुताराची जाड पेन्सिल काढली, तिचे शिसे ब्लेडने कागदावर खरवडले आणि ती काळी पूड कागदाची नळी करून चिरेत फुंकली. पेन्सिलीचे शिसे म्हणजे मुख्यत्वे ग्रॅफाइट. ते कोरडे वंगण आहे. तेल घालण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण घट्ट तेलावर धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि सहा महिन्यांनी पट्ट्या चिकटतात. करोंदच्या मंडीत जेवढी धूळ आहे तेवढ्या धुळीच्या गावी तर तेल नकोच, असे त्याचे मत पडले.

खरे हत्यार अगदी क्षुद्र दिसत होते. लाकडात नक्षी कापावयाच्या करवतीचे बारीक पाते, मागे चिंध्या गुंडाळून मूठ केलेले. पात्याचे दाते आपल्याकडे वळलेले राहतील असे ते धरावयाचे, किल्लीच्या खाचांच्या बाजूने तुकड्याला लगटून आत सरकवावयाचे, पुरेसे आत गेले की किंचित पिळावयाचे म्हणजे दाते किल्लीच्या एखाद्या खाचेत रुततात, आणि मग सरळ रेषेत बाहेर ओढावयाचे. पहिल्या वेळी पाते रिकामेच आले. दुसऱ्या वेळी तुकडा थोडासा सरकला आणि पुन्हा निसटला. गर्दीतून कोणी तरी म्हणाले, जोरात ओढा. म्हातारा वर न बघता उत्तरला, ‘‘ज़ोर तो साहब लगा चुके.’’ हशा पिकला. आम्हीही हसलो, दुसरे करणार काय?

तिसऱ्या खेपेस तुकडा चिरेच्या तोंडाशी आला आणि त्याने तो चिमट्याने अलगद उचलला. एकूण वीस मिनिटे लागली असतील. त्यापुढे त्याने जे केले ते आमच्या लक्षात राहिले आहे. पेटीतले पांढरे फडके पसरून त्याने दोन्ही तुकडे एकमेकांस लावून ठेवले, भिंगातून तुटीची रेघ पाहिली, आणि कोठेही कपचा उडालेला नाही, म्हणजे आत काही राहिलेले नाही, अशी खात्री झाल्यावरच आत्याची किल्ली मागितली. ती गेली, फिरली, इंजिन सुरू झाले. आत्याच्या अंगावर वारा लागावा म्हणून आम्ही गाडी तशीच चालू ठेवली आणि सौ.ला तिच्यापाशी बसवून त्याच्याशी बोलत छत्रीखाली उभे राहिलो.

चुंबकाची गोष्ट त्याने एका वाक्यात निकालात काढली. या किल्ल्या बहुधा पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या असतात. जर्मन सिल्व्हर हे नाव ऐकून कोणी भुलू नये, त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्र धातू. चुंबकाला तो दाद देत नाही. गोंदाचे नाव काढताच मात्र तो गंभीर झाला. चीर अरुंद, पट्ट्या सुट्या आणि गोंद पातळ. तो तुकड्याला चिकटण्याआधी पट्ट्यांना चिकटतो आणि मग सगळे कुलूप बदलण्यावाचून उपाय राहत नाही. ट्रकचालकाची युक्ती पुष्कळदा चालते, हे त्याने मान्य केले, कारण तुकडा जागेवर असेतो पट्ट्या योग्य उंचीवर असतात. पण स्क्रू-ड्रायव्हरने चिरेचे तोंड बोथट होते, तुकडा आणखी आत ढकलला जातो, आणि गाडी भर रस्त्यात सुरूच राहिली, बंद होईना, असाही प्रसंग येतो. किल्ली गाडी चालू असतानाच तुटली तर घाबरून गाडी भलतीकडे सोडू नये. सुरक्षित जागी उभी करून मग दंडगोल हलके हलके बंदच्या खुणेवर आणावा. तसेच ठेवून निघून गेल्यास बॅटरी उतरते. तुकड्याचे टोक बाहेर डोकावत असेल तर बारीक तोंडाच्या पकडीने घरच्या घरी काम होते, फक्त सरळ ओढावे, पिळू नये. टोक दिसत नसेल तर थांबलेले बरे.

नवी किल्ली त्याने आत्याच्या किल्लीवरून कापली, आमच्या तुटलेल्या किल्लीवरून नव्हे. वापरलेल्या किल्लीचे दाते झिजलेले असतात. तिची नक्कल केली की झीजही नकलेत उतरते, आणि नकलेची नक्कल केली की दुपटीने. आत्याची किल्ली बटव्यात राहिल्यामुळे कोरी करकरीत होती. ती नसती तर दोन तुकडे जोडून माप घ्यावे लागले असते. म्हणून तुटलेला एकही तुकडा फेकू नये. 1990 च्या दशकापासून आलेल्या पुष्कळ गाड्यांच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. अशा गाडीत नुसते पाते कापून कुलूप फिरेल, पण ती चिप जवळ नसेल तर इंजिन चालू राहणार नाही. तेव्हा तुटलेली मूठ तर मुळीच हरवू देऊ नये. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांना ही पीडा नाही असे आमचे चिरंजीव सांगतात. पण त्यांच्याही त्या चिमुकल्या डबीच्या पोटात दारासाठी एक पोलादी किल्ली दडलेली असते, हे आम्ही त्यांना दाखवून दिले आहे.

कानशीवर त्याचा हात चालत असताना आम्ही पाहत होतो. सपाट, दातेरी किल्लीचे खिट्ट्यांचे कुलूप अमेरिकेतील लायनस येल या कारागिराने 1861 साली नावारूपाला आणले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईस कुलपांचा कारखाना काढला. या मोठ्या नावांच्या मालिकेत छत्रीखालच्या माणसाला कोणी बसवणार नाही. पण कुलूप बनवणारा आणि अडलेले कुलूप न दुखवता सोडवणारा यांत थोर कोण, हा प्रश्न त्या उन्हात आम्हांला काही केल्या सुटेना. त्याने अडीचशे रुपये मागितले. आम्ही तीनशे दिले. पन्नास त्याने परत केले.

शिवाजीनगरला पोहोचेतो चार वाजले. गव्हाचे पोते उतरवावयास शेजारचे दोघे आले. आत्याने दम खात खात आधी नवी किल्ली खिळ्याला लावली, आपली बटव्यात घातली आणि मग झुबका मागून घेतला. घराच्या, कपाटाच्या, गच्चीच्या किल्ल्या तिने एकेक करून वेगळ्या केल्या. पितळेचा गणपती चिंचेने घासून आता देवघरात ठेवला आहे.